शेठच्या कुत्र्यांची हवापालट

श्रावणात आम्हा खानदेशी लोकांची कानबाई देवी बसते. त्यासाठी दोन दिवस गावी जाऊ द्या म्हटलं, तर शेठ म्हणाला, “भटू, सीझन आहे.” सुरतेतल्या बमरोलीत त्याच्या कापड कारखान्यात मी नऊ वर्षं लूम चालवतोय, बिनसीझनचा श्रावण काही पाहिला नाही बुवा! बायकापोरांना गावी पाठवलं आणि दात-ओठ खात लूमवर उभा राहिलो.

शनिवारी शेठनं बंगल्यावर बोलावलं. त्याची दोन कुत्री, टायगर आणि रोझी. गेल्या साली प्लेग आला तेव्हा हीच आधी मोटारीत बसून सुरतबाहेर गेली. आम्हाला सांगितलं, तोंडाला रुमाल बांधा. आता शेठाणी म्हणाली, “बिचारी कंटाळली. सोनगडच्या फार्महाउसवर चार दिवस मोकळी हवा खाऊ देत. भटूचं ऐकतात.” म्हणजे सीझन मला, कुत्र्यांना नाही!

तिथं त्यांना गादी, पंखा, दूध. मला व्हरांडा. रविवारी सकाळी रोझीला पावडर लावता लावता माझं डोकंच फिरलं. साक्रीजवळचं माझं गाव तीन तासांवर, आज कानबाई, आणि मी हे काय करतोय? शेठला कळलं तर नोकरी गेली, हे पक्कं ठाऊक होतं. तरी ओळखीच्या ट्रकवाल्याला हात केला आणि कुत्र्यांसकट चढलो. मोकळी हवाच पाहिजे ना? आमच्या गावात दुसरं आहे तरी काय!

कुत्री बघून माझ्या बायकोनं, रंजनानं, कपाळ बडवून घेतलं. संध्याकाळी पंगत बसली. आमच्यात घरच्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढून रोट करतात, आणि तो भाऊबंदांशिवाय कुणाच्या तोंडी जाऊ देत नाहीत. मी पाण्याला वळलो तेवढ्यात टायगरनं माझा रोट गिळला! बायका रडायला लागल्या.

माझे चुलते बाबुराव भाऊबंदांत सगळ्यांत मोठे. त्यांनी टायगरला ओढून पाटावर बसवलं. मग म्हणाले, “बाहेरनानी रोट खाया तं पाप लागस. म्हनीसन आते हाऊ आपला भाऊबंद. लावा कुंकू त्याले.”

कुंकू लागलं, टायगर भाऊबंद झाला, तोच शेठ दारात. फार्महाउसच्या वॉचमननं चहाडी केली होती. शेठ लालबुंद. मी हात जोडले. पण तुपाचा वास आला आणि शेठ थबकला. रागावलेला सुरती माणूससुद्धा ताटाला नाही म्हणत नाही. टायगरशेजारी पाटावर बसला. “चल, मला पण दे. मग बोलू.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रंजनानं डोळ्यांनी खुणावलं, वाढा. एका रोटात नोकरी वाचत होती. हात पुढे गेलाही, खोटं कशाला बोलू!

“शेठ, तुम्हाला नाही चालत,” माझ्या तोंडून निघालं. “हा घरच्यांनाच.”

“अने आ कूतरो?”

“तो घरचाच शे,” बाबुराव म्हणाले.

शेठ उपाशी उठला. “उद्यापासून कारखान्यात दिसू नको!”

कुत्र्यांना घेऊन मोटार गेली. रंजना पदर तोंडाला लावून रडली. पण नऊ वर्षांत शेठला पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि काय बरं वाटलं म्हणून सांगू!