पंप तेवढा राहिलाय

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. सदतीस वर्षं सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. तपासणीचा शिक्का बसल्याशिवाय माझ्या हाताखालून साधा बोल्टसुद्धा बाहेर गेला नाही. त्याचा मला माज होता. आता त्या माजाचं काय करू ते कळत नाही.

सहा वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या, वीणाच्या, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, औषधानं वेग कमी होईल, पण नजर कडेकडेनं जात राहणार. वीणानं राजाजीनगरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर खडूनं चिल्का सरोवर काढायची, कच्छचं रण काढायची, आणि स्वतः यातलं काही म्हणजे काही बघितलं नव्हतं. फार कशाला, जोगचा धबधबा इथून आठ तासांवर, तोही नाही. मला रजा घ्यायची कुठे सवय होती! दवाखान्यातून परतताना ती रिक्षात म्हणाली, "अहो, दिसतंय तोवर हिंडून येऊ या." मी म्हटलं, हॉटेलांच्या अनोळखी पायऱ्यांवर पडशील बिडशील. त्यापेक्षा मी चाकांवरचं घरच बांधतो.

एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि यशवंतपूरला महांतेशच्या शेडमध्ये लावली. महांतेश निपाणीकडचा, पत्र्याची कामं करतो, हात सोन्याचा. दुसऱ्या वर्षी गाडीत पलंग झाला, ओटा झाला, शेगडी बसली. तेव्हा तो म्हणाला, "सर, एकदा जाऊन या की अक्कांना घेऊन. ऱ्हायलेलं स्वल्प मागनं करू." मी त्याच्यावर खेकसलो. अर्धवट वस्तू माझ्याकडून बाहेर जात नाही, म्हटलं. तो बिचारा पुन्हा पत्र्याकडे वळला.

मग काय, ओट्याची फळी फुगली, उखडली. खण दोन मिलिमीटर तिरके निघाले, पुन्हा केले. वायरिंग तीनदा काढलं, तीनदा घातलं. वीणाला शेडमध्ये पाऊल टाकू दिलं नाही, पूर्ण झाल्यावरच दाखवीन म्हणून. ती दर महिन्याला विचारायची, "किती राहिलं हो?" मी म्हणायचो, थोडंच. पुढे तिनं विचारणं सोडून दिलं. मला वाटलं, समजूतदार आहे. अक्कल शेण खायला गेली होती माझी, दुसरं काय.

गेल्या दिवाळीत देवापुढे समई लावलेली होती. तिच्यासमोर बसून वीणानं मला विचारलं, "समई लावलीत का हो?"

दुसऱ्याच दिवशी मी गाडीची जाहिरात टाकली. आता दाखवायचं काय, आणि कुणाला? ती गाडी डोळ्यांसमोर नको झाली होती मला. वीणाला सांगितलं, गाडी काढून टाकतोय. ती "बरं" म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

आलेल्या गिऱ्हाइकांपैकी चौघांना मी हाकललं. एकाला त्यात डोशांचं दुकान काढायचं होतं. शेवटी आशय आणि सोनम नावाचं जोडपं आलं, पुण्याकडचं, कॉम्प्युटरवाल्या कंपनीतलं. गाडी आहे तशीच हवी म्हणाले. सौदा ठरला. गाडी द्यायच्या दिवशी वीणा म्हणाली, "मीही येते. एकदा हात तरी लावीन."

शेडमध्ये तिला मी दारापाशी नेलं. पुढचं तिनं माझ्याशिवाय केलं. पायरी पायानं चाचपली, कठडा हाताला लागला, तो धरून आत गेली. ओट्यावरून हात फिरवत पलंगापर्यंत पोचली, वळली, परत आली. कुठे आपटली नाही.

"कोपरे सगळे गोल केलेत," ती म्हणाली.

"लागू नयेत म्हणून."

"आणि ही बटणं? प्रत्येकावर वेगळी खूण आहे."

"बोटाला कळावं, पंख्याचं कुठलं, दिव्याचं कुठलं."

पायरी तर मी आमच्या घराच्या पायरीएवढीच केली होती, मापून. ती हसली. तिचं तसं हसू मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आशय म्हणाला, "काका, शनिवारी निघतोय आम्ही. स्ट्रेट गोकर्ण."

"शनिवारी कसे निघाल? पंप तेवढा राहिलाय. नळाला पाणी येणार नाही."

"कॅन ठेवू ना काका, त्यात काय."

माझं डोकं सणकलं. सहा वर्षं मला जे सुचलं नाही, ते त्या पोराला जागच्या जागी सुचलं. त्याला दोन शब्द सुनावावेत असं वाटलं, पण सुनावणार काय? कागदांवर सह्या केल्या, किल्ली दिली. महांतेशनं फाटक उघडलं आणि गाडी बाहेर पडली.

महांतेशनं चहा आणला. वीणा आणि मी बाकावर बसलो. गाडीचा आवाज ऐकू येईनासा झाला तेव्हा वीणा म्हणाली, "अहो, ते कठडे, ती बटणं, ते गोल कोपरे. दिसत नाही अशा बाईसाठीच केलं होतंत ना सगळं?"

"हो."

"मग मी तशी झाले तेव्हाच का विकलीत?"

मी म्हटलं, "तुला आता काय दिसणार होतं, वीणा?"

"जोग नुसता दिसतो का हो? पाणी अंगावर उडालं असतं. आवाज ऐकला असता." तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला. "मला वाटलं, माझ्यामुळे तुमचाच उत्साह गेला. म्हणून मी काही बोलले नाही."

मी तिला विचारलंच नव्हतं. फळी कुठली, रंग कुठला, हे नाही विचारलं ते एकवेळ जाऊ दे. पण विकू का, एवढंही विचारलं नव्हतं.

"आपण बसनं जाऊ," मी म्हणालो. "जोगला."

"चला," ती लगेच म्हणाली. "कधी?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब जरा. आधी सगळी नीट चौकशी करतो."

उरलेला चहा वीणानं तसाच बाकावर ठेवला आणि घरी जाण्यासाठी उठून उभी राहिली.