जबाबदार माणूस

अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा बालगृहाने द्रौपदीला एक सॅक, दोन ड्रेस आणि भरपूर शुभेच्छा देऊन बाहेर काढलं. त्यानंतर दोनेक वर्षं ती घाटकोपरच्या ज्या ब्यूटी पार्लरमध्ये कामाला होती तिथेच, फेशियलच्या बेडवर झोपायची. मालकीणबाई हे उपकार गिऱ्हाइकांसमोर बोलून दाखवायच्या.

मग बेघर तरुणांचा प्रश्न कायमचा मिटवायला तीन पार्टनर एकत्र आले. क्षमाताईंची संस्था, नंदकिशोर नावाचा बिल्डर आणि एक औषध कंपनी. कंपनीतर्फे मिहिर यायचा. तो ‘इम्पॅक्ट’ हा शब्द काढल्याशिवाय पाणीसुद्धा मागत नसे. तिघांनी मिळून विक्रोळीत चार मुलींसाठी एक फ्लॅट सुरू केला. त्याची खिडकी सरळ नाल्यावर उघडायची, म्हणून तो विकला जात नव्हता. उद्घाटनाच्या भाषणात हे कुणी सांगितलं नाही. फ्लॅटला नाव काय द्यावं यावर मात्र त्यांनी चार महिने बैठका घेतल्या होत्या.

द्रौपदी आणि बाकी तिघी राहायला आल्या तेव्हा घरात गॅस नव्हता. द्रौपदीने संस्थेला फोन केला, तर ते काम बिल्डरचं निघालं. बिल्डरच्या ऑफिसने कंपनीकडे बोट दाखवलं. कंपनी म्हणाली, आम्ही फक्त निधी देतो. शेवटी मानसीने कुठूनशी एक जुनी इंडक्शन शेगडी आणली. मानसी मुलुंडची, सावत्र बापाने घराबाहेर काढलेली, आता भांडुपच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी राहणारी. डाळ शिजेपर्यंत द्रौपदी तिला मिहिरची नक्कल करून दाखवायची आणि दोघी पोट धरून हसायच्या.

सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश सावंत मात्र हसण्यातले नव्हते. रेल्वेतून रिटायर झालेला, नियमाला चिकटून राहणारा माणूस. चार तरण्या मुली एकट्या राहतात, उद्या काही झालं तर आम्ही कुणाला विचारायचं, असं त्यांनी दारात उभं राहून विचारलं. महिनाअखेरपर्यंत कुणीतरी जबाबदार माणूस पुढे आला पाहिजे, नाहीतर घर रिकामं करा.

एवढे मोठे तीन पार्टनर, पण जबाबदार माणूस एकही निघेना. क्षमाताईंची संस्था मुलींना सक्षम करते, पालक होत नाही. नंदकिशोरने जागा दिली म्हणजे मुली घेतल्या असं होत नाही. मिहिरने तर लीगलला विचारतो म्हणून फोन उचलणंच बंद केलं.

त्याच आठवड्यात मुलुंडच्या एका हॉटेलात भागीदारीचा वार्षिक समारंभ होता. द्रौपदीला आपली कहाणी सांगायला बोलावलं होतं. स्टेजमागे क्षमाताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून, प्लॅटफॉर्मवर काढलेल्या रात्रींबद्दल बोल, असं सुचवलं. मी प्लॅटफॉर्मवर कधीच झोपले नाही, असं द्रौपदी म्हणाली.

“अगं, थोडं सांग ना,” क्षमाताई म्हणाल्या. “लोकांना ते पटकन कळतं.”

द्रौपदीने माईक हातात घेतला आणि सांगितलं की सोसायटी आम्हाला काढतेय, तुमच्यापैकी कुणी एकाने उद्या येऊन सेक्रेटरींना भेटावं. मग मिहिरने हा फारच महत्त्वाचा मुद्दा असल्याचं सांगितलं आणि त्यावर एक उपसमिती नेमली. टाळ्या पडल्या. सगळे जेवायला उठले. द्रौपदीही जेवली, पनीर चांगलं होतं, आणि असल्या लोकांसाठी उपाशी राहायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तीच सावंतांकडे गेली. आत बसा असं ते म्हणाले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच तिने सांगितलं, की कुणी येणार नाहीये, समिती नेमली आहे.

“मग?”

“मी एकवीसची आहे काका. मतदान करते, कमावते. मानसीचं काही झालं तर मला विचारा. माझं झालं तर मानसीला विचारा. बाकी दोघींचं आम्हा दोघींना.”

मुली सावंतांना आवडत नव्हत्याच. पण गेल्या वर्षी पार्किंगवरून नंदकिशोरने त्यांना चारचौघांत खोटं पाडलं होतं, आणि त्या माणसाबद्दलचा तिरस्कार जास्त जुना होता. त्यांनी विचारलं, तो बिल्डर खरंच नाही म्हणाला? द्रौपदीने होकारार्थी मान हलवली.

“त्याच्यापेक्षा तू बरी,” सावंत म्हणाले. सोसायटीच्या कमिटीला मी बघतो, पण तक्रार आली तर तुलाच धरणार, हेही त्यांनी बजावलं. चहा मात्र विचारला नाही.

पहिली तक्रार आठवड्याभरातच आली. मानसीने ओले कपडे गच्चीतल्या कुणाच्या तरी दोरीवर टाकले होते. सावंतांनी द्रौपदीला खाली बोलावून दहा मिनिटं झापलं. वर येऊन तिने ते सगळं व्याजासकट मानसीला ऐकवलं.

“तू कोण गं मला बोलणारी?” मानसी भडकली.

द्रौपदीला यावर हसू आलं, पण तिने ते दाबलं. कपडे काढून आण आधी, असं म्हणून ती पीठ मळायला बसली.