नागू टाळकऱ्याची आगबंदी

रामाच्या उत्सवात आमच्या गावी नऊ दिवस कीर्तन, आणि बुवांचे जेवण रोज एका घरी. अठ्ठ्याऐंशी साली कुंभिवलीचे विठूबुवा आले होते. काय तो गळा! बुवांनी नुसते ‘रामा’ म्हटले तरी आमच्या कोंडाण्याकडच्या म्हाताऱ्या पदराने डोळे टिपायच्या.

सोनुबाईचे डोळे मात्र चुलीच्या धुराने गळत. पहिल्याच दिवशी तिने बुवांना गाठले.

“बुवा, पंचायत समितीचे साहेब म्हणतात, खड्डा खणून ठेवा, गोबरगॅस बांधून देतो. आमचे हे खणत नायत. म्हणतात, लाकूड डोंगरावर, चूल घरात, मधी खड्डा कशाला? तुमी कीर्तनात सांगा. तुमच्याबिगर ते कुणाचं ऐकत नायत.”

तिचे ‘हे’ म्हणजे नागू, बुवांच्या मागे उभा राहणारा टाळकरी. बुवांनी शब्द दिला.

संध्याकाळी बुवा रंगले. “सूर्यनारायण ऊन देतो, धरणी घेते, उरलेली ऊब आभाळाला परत करते. पण आपण कोळसा जाळला, तेल जाळलं, रानं तोडली. त्या जाळाच्या वायूची घोंगडी आईच्या अंगावर पडली. ऊन आत येतं, ऊब बाहेर जात नाही. चैत्रात घोंगडी पांघरून दाखवा बरं कोणी!”

नागूने तिथल्या तिथे घोंगडी पांघरली आणि अख्खा अभंग घाम गाळत टाळ वाजवला. सभा हसली, बुवांना आणखी चेव आला, आणि गोबरगॅसवर यायच्या आतच आरतीची वेळ झाली. कीर्तनात असे होते. देवाच्या नादात माणसाचे काम राहून जाते.

सकाळी नागूने भरली कळशी चुलीत ओतली.

“अवो, काय करता काय?”

“आईच्या अंगावरची घोंगडी काढतोय.”

मग तो शेजारच्या गजाच्या शेतावर गेला. भाताची रोपे टाकायच्या आधी आमच्याकडे वाफ्यावर फांद्या, शेण, गवत पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. गजा काडी ओढणार, तोच नागू राबावर जाऊन बसला.

“ऊठ रं, पेटवायचंय.”

“पेटव की. मी बसलोय.”

“रोपं काय तुझ्या टाळांतून उगवायची?”

नागू ढिम्म. घरात चूल थंड, रानात राब थंड. सोनुबाई शेजारणीकडे जेवू लागली. तिला धूर नको होता, पण भाकर हवी होती ना!

अशात बुवांच्या जेवणाची पाळी नागूकडे आली. पानात भिजवलेले पोहे, काकडी, दही.

“आज उपास का रे?” बुवांनी विचारले.

“नाय बुवा. तुमचाच उपदेश वाढलाय.”

“खा बुवा,” दारातून सोनुबाई म्हणाली, “निगुतीनं भिजवलेत.”

बुवांनी कपाळावर हात मारला. “अरे, गोबरगॅस सांगायचा राहिला! नागू, आधी खड्डा खण.”

“कीर्तनात सांगा. जेवताना सांगितलेलं भुकेचं असतं.”

त्या संध्याकाळी बुवांनी नमन आटोपते घेतले आणि थेट शेणावर आले. “शेण उकिरड्यात कुजलं तरी वायू सुटतो आणि घोंगडीत भर घालतोच. तो टाकीत धरून चुलीला जाळा. धूर नाही, लाकूड नाही. वर टाकीतून बाहेर पडलेला शेणाचा रबडा रोपांच्या वाफ्याला घाला, म्हणजे राबासाठी फांद्याही तोडायला नकोत.”

टाळ थांबले. टाळकऱ्याने कीर्तनात सवाल करावा हे आम्ही कधी पाहिले नव्हते.

“पण बुवा, त्योबी जाळच ना?”

“जाळच. पण गाईनं खाल्लं यंदाचं गवत. त्या शेणाच्या जाळातून निघालं ते पुढल्या साली गवतच परत ओढून घेतं. तोडलेलं झाड उभं राहायला पिढी जाते, आणि कोळसा तर पृथ्वीच्या पोटातला, त्याचं सगळं वरच साचतं. चूल नको असं मी म्हटलं नाही रे बाबा!”

“आनी घरची मानसं उपाशी ठेवायची नायत, त्येबी सांगा!” बायकांतून सोनुबाई ओरडली.

मंडप फुटेस्तोवर हसला. नागूने रामाकडे पाहिले, बुवांच्या पाया पडला. “मग खणतो.”

दुसऱ्या दिवशी खड्ड्यात गजाही उतरला. त्यात धर्म किती आणि नागू राबावरून उठावा ही घाई किती, ते रामच जाणे. राब गजाने त्या साली भाजलाच.

दिवाळीच्या आत टाकी भरली. सोनुबाईने गाईला हळदकुंकू लावले, शेगडीपुढे बसली, काडी ओढली. निळी ज्योत उमलली. आणि सवयीने तिने फुंकणी उचलून अशी जोरदार फुंकर मारली, की ज्योत गुल!

“अगं बंद कर, बंद कर!” नागू धावला.

पुन्हा पेटवली. सोनुबाई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. डोळे कोरडे.

“आता हिच्याम्होरं मी करायचं काय?”

“भाकर टाक गं,” नागू म्हणाला. “का आता तीबी बुवांनी सांगायची?”