यात बार्ली आहे का

टॅम्सिनने दुकानातली सॅलड ड्रेसिंगची बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि ती पुन्हा फडताळावर ठेवली. दुसरी घेतली. मोहरी, मध, लिंबू. शेवटी माल्ट व्हिनेगर, म्हणजे बार्ली. म्हणजे गहू-बार्लीचा कणही न सोसणाऱ्या तिच्या लेकीचं, एडीचं, पोट पुन्हा फुगणार, शाळा बुडणार.

उद्या नोलीनकडे, टॅम्सिनच्या सासूकडे, बार्बेक्यू होतं. त्यांच्या वॉरागुल गावात कुणाकडेही जेवायला जाताना एक पदार्थ करून न्यायचा. टॅम्सिन सॅलड न्यायची, कारण त्यावरचं ड्रेसिंग तिनं स्वतः तपासलेलं असायचं. बाकी एडीचं जेवण घरून डब्यात. तरीही मागच्या वेळी पोर तिथून आली ती उलट्या करतच. नोलीननं गुपचूप बिस्कीट दिलं असणार, असं टॅम्सिननं मनाशी धरलं होतं. बोलली मात्र कुणाशीच नव्हती. नातीला रात्री राहायला पाठव, असा नोलीनचा धोशा होता, आणि दर वेळी टॅम्सिन काहीतरी निमित्त काढायची.

फडताळाच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी पुटपुटत होतं. पाहते तर नोलीन. बाटली अगदी नाकाशी धरलेली, ट्रॉलीत लोण्याचा मोठा डबा.

"पाळत ठेवतेस होय गं माझ्यावर?"

टॅम्सिन ओशाळून हसली. "काय शोधताय?"

"तुझ्या लेकीला चालेल असं काहीतरी. यात गहू नाही म्हणून घेऊन निघाले होते. मग म्हटलं, बार्ली बघ. निघालीच मेली."

टॅम्सिनने बाटली हातात घेऊन स्वतः वाचलं. होती खरी.

मग नोलीन लोण्याचं सांगू लागली. हा डबा फक्त एडीचा. टोस्टला लावलेली सुरी यात बुडवलीस तर कुत्र्याशेजारी झोपायचं, अशी सासऱ्यांना तंबी मिळाली होती, आणि ते सकाळपासून गाल फुगवून बसले होते.

"लोणी वेगळं ठेवायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कुणी? तुझा डबा खाऊनही पोर आजारी पडली. कितीतरी दिवस डोक्याला भुंगा होता. आमच्या घरातलं तिनं खाल्लं ते एक कणीस. आणि त्यावर आमच्या डब्यातलं लोणी, पावाचा सगळा चुरा पडलेलं."

त्या कणसाला लोणी टॅम्सिननेच लावलं होतं. तिने ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला, मग हळूहळू बोटं सैल सोडली.

"नोलीन, उद्या तिचे झोपायचे कपडे बरोबर देऊ का?"

कपाळावरचा चष्मा नोलीननं डोळ्यांवर ओढला आणि पुढची बाटली उचलून पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतली.

"दात घासायची पेस्टही दे," ती वर न पाहता म्हणाली. "आमचीत काय असतं कोण जाणे."