नऊ तुकडे

"मास्तर, ते पिवळं फेकू नका."

मुनीर मास्तरांचा हात कचऱ्याच्या पोत्यावरच थांबला. मुठीत पॉपलीनची पिवळी कातरण होती, जेमतेम वीतभर.

"बाई, ये तो बालिश्तभर बी नै है. क्या करते इसका?"

"वीतभरच पायजे मला," सत्यभामा म्हणाली.

उस्मानपुऱ्यातल्या त्या शिलाईच्या दुकानात ती सव्वीस वर्षं काज-बटणं करत होती. माहेर गंगापूरकडचं, मेंढरं राखणारं. लहानपणी सुई कमी आणि काठी जास्त हातात असलेली. पण शहरात आल्यावर तिचा हात असा बसला, की लग्नाच्या शेरवानीचं काज मास्तर दुसऱ्या कुणाकडे देत नसत.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सावरला, बोलणंही सुटलं. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. दसऱ्यानंतर ती एक दिवस पाय ओढत दुकानात आली आणि आपल्या जुन्या जागेवर बसली. मास्तरांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, एवढंच.

सून ज्ञानेश्वरीला तेव्हा पाचवा महिना होता. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते इथंच व्हायचं होतं. येणाऱ्या लेकराची गोधडी आपणच शिवायची, असं सत्यभामानं मनाशी धरलं होतं. आख्खी गोधडी एका हाताला आवरणार नव्हती. वीतभर तुकडा आवरेल. असे तीस तुकडे केले की मग जोडायचे.

कातरणी जुळवून ती जुन्या लुगड्याच्या चौकोनावर मांडायची. उजवा हात डाव्या हातानं उचलून कापडावर ठेवायची. "आता ह्यो वजन म्हणून कामाला आला," असं स्वतःच म्हणायची. सुई साबणाच्या वडीत उभी रोवून दोरा ओवायची. आणि मग डाव्या हातानं धावदोरा. पहिले कितीतरी दिवस टाका एका बाजूला आणि बोटातलं रक्त दुसऱ्या बाजूला, असं चाललं. टाका वाकडा गेला की ती तो दातानं उसवायची. पहिला तुकडा व्हायला अकरा दिवस लागले.

मास्तरांना बघवेना. "लाओ, मशीन पे डाल देता. पाच मिनट का काम है."

"मास्तर, तुमची मशीन लई शहाणी हाय. तिला काय शिकायचं उरलंय? शिकायचं मला हाय."

मुलगा रामेश्वर वाळूजच्या कंपनीत होता. त्यालाही हे पटत नव्हतं. "माय, बाजारात लेकरांची ब्लँकेटं लई चांगली मिळत्यात. कशाला जिवाला तरास?"

"तू आण की. म्या कुठं नगं म्हणलं? पर माझं मला करू दे."

दुसऱ्या तुकड्याला नऊ दिवस लागले, तिसऱ्याला आठ. मग हात वळायला लागला. डिसेंबरच्या अखेरीला नऊ तुकडे झाले होते. शेवटच्या दोनांत टाके सरळ आले होते. ते तिनं मास्तरांना दाखवले नाहीत, पण त्यांच्या नजरेला पडतील असे ठेवले. मास्तरांनी चष्मा वर करून पाहिले आणि मान हलवली.

त्याच आठवड्यात एका सकाळी ज्ञानेश्वरीच्या पोटात दुखायला लागलं. सातवा महिना नुकताच सरला होता. रिक्षानं घाटी दवाखान्यात नेलं. दुपारी मुलगी झाली, दीड किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

बारा दिवसांनी रामेश्वर सांगत आला, "माय, आता तिला पेटीतून काढून आईच्या छातीशी ठिवणार हायेत. सिस्टर म्हणल्या, मऊ सुती कापड आणा, उकळून धुतलेलं. थंडी लई हाय."

सत्यभामा उठली. नऊ तुकडे पिशवीत घातले आणि दुकान गाठलं. लग्नसराई होती, मास्तरांपुढे कपड्यांचा ढीग पडला होता. तिनं पिशवी मशीनवर ठेवली.

"मास्तर, जोडा."

"मशीन पे?" त्यांना खरं वाटेना.

"व्हय. लेकराला थंडी वाजती. तिथं माझा हेका काय कामाचा?"

"पर बाई, तीस बोले थे ना तुम?"

"दीड किलोचं लेकरू हाय. नऊ लई झाले."

मास्तरांनी पुढ्यातली शेरवानी बाजूला सारली. तीन-तीनच्या तीन ओळी लावल्या आणि फक्त कडा जोडल्या. तिच्या एकाही टाक्यावरून त्यांनी मशीन जाऊ दिली नाही. वाकड्या टाक्यांवरूनसुद्धा नाही. मागे लुगड्याचं मऊ कापड लावलं. ते होईपर्यंत सत्यभामा उभीच होती.

घरी तिनं गोधडी उकळत्या पाण्यातून काढली आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवली.

वॉर्डात फक्त आईलाच आत सोडत. सत्यभामा बाहेरच्या बाकावर बसून राहिली. रत्नमाला नावाच्या सिस्टरनं गोधडी उलटीपालटी करून पाहिली आणि ज्ञानेश्वरीला विचारलं, "हे कोणी शिवलं? एका कोपऱ्यात टाके नागमोडी, दुसरीकडं सरळ."

"आमच्या आत्याबाईनं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "डाव्या हातानं. वाकड्या कोपऱ्यातून सुरू केलंय."

सिस्टरनं लेकरू आईच्या छातीशी ठेवलं, पाठीवरून गोधडी पांघरली. मग बाहेर येऊन बाकापाशी थांबली. "आजी, या. दारातून बघा."

सत्यभामानं दारातून पाहिलं. लेकरू दिसलंच नाही. नऊ तुकड्यांत ते आख्खं मावून वर कापड उरलं होतं.

मुलीचं नाव सायली ठेवलं. महिन्याभरानं ती घरी आली. दूध लागलं, अंग भरलं. वर्षभरानंतर मार्चमधल्या एका दुपारी ज्ञानेश्वरी हसत म्हणाली, "आत्याबाई, बघा की. गोधडी पुरंना झाली."

सायली झोपली होती. गुलाबी पावलं गोधडीच्या काठाबाहेर आली होती. सत्यभामानं काठापासून बोटं लावून मोजलं. चार बोटं भरली.

"झाकू का?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"नगं. राहू दे भाईर."

उन्हाळा लागला होता. सत्यभामा त्या उघड्या पावलांशेजारी भिंतीला टेकून कितीतरी वेळ बसून राहिली.