मॅडमचा पिवळा कोट

नर्सिंगच्या औषधशास्त्राच्या तोंडी परीक्षेला मी तिसऱ्यांदा बसत होते, म्हणून वर्गात सगळ्या मला ‘तिसरी घंटा’ म्हणत. चौथी घंटा नव्हती. या खेपेला दांडी उडाली तर कॉलेजातून नाव कटणार होतं आणि पुढचं आयुष्य आत्याच्या शिवणक्लासात काज-बटणं करण्यात जाणार होतं. हे आत्यानेच परस्पर ठरवून टाकलं होतं.

शेवटी मी घोकंपट्टी सोडली आणि औषधांना घरची माणसं नेमून दिली. हृदयाचं डिगॉक्सिन म्हणजे आमचे बाबा. गोळी देण्याआधी पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात आणि ते साठच्या खाली असले तर गोळी देत नाहीत. बाबांपुढेही तोंड उघडण्याआधी पूर्ण एक मिनिट अंदाज घ्यायचा, गाडी साठच्या खाली दिसली तर विषय उद्यावर ढकलायचा. मनाच्या आजारावरचं लिथियम म्हणजे आत्या. मीठ-पाण्यात कसर झाली की ते अंगात आणि ती घरात मुक्काम ठोकते, हलता हलत नाही आणि मग सगळ्यांचे हात थरथरायला लागतात. हे सुचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच इतकी हसले, की आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

परीक्षा सोमवारी हृदयाच्या वॉर्डात होती. पेशंट होते खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केलेली, त्यामुळे दाराशी थांबलेल्या आम्हा मुलींनाही ते ‘पुढे सरका, पुढे जागा आहे’ म्हणत. तीन आठवडे आमच्या मुली त्यांच्याच छातीवर नळी लावून शिकत होत्या, म्हणून त्यांना सगळी उत्तरं पाठ झाली होती. आणि एकही पोरगी नापास होऊ द्यायची नाही, असा त्यांनी विडाच उचलला होता.

माझ्या आधी चौघी आत गेल्या आणि चौघीही दात काढत बाहेर आल्या. चौथी माझ्या कानात म्हणाली, “मोजत बसू नकोस. आजोबा ठोके बोटांवर दाखवतात. बहात्तर.”

जग फार चांगलं आहे, असं मला वाटलं. मी जवळजवळ उड्या मारतच आत गेले.

परीक्षक मॅडमनी आधी लिथियम विचारलं.

“मीठ-पाणी कमी पडू द्यायचं नाही,” मी सुरू केलं. “उलट्या, जुलाब किंवा हात थरथरणं दिसलं तर पुढची गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. मुक्काम लांबू द्यायचा नाही.”

“कुणाचा मुक्काम?”

“औषधाचा, मॅडम.”

मॅडमनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ट्रेमध्ये डिगॉक्सिनची गोळी ठेवून म्हणाल्या, “द्यायची की नाही, तू फक्त सांग. गोळी शेवटी मीच देणार.” त्या कागद आणायला टेबलाकडे वळल्या.

आजोबांनी चादरीखालून आधी सात बोटं काढली, मग दोन. “बहात्तर,” ते कुजबुजले. “आणि तुमच्या बाईंना कोट धुवायला सांग. पिवळाजर्द झालाय.”

मला हसू फुटलं. कोट पांढराशुभ्र होता, कडक इस्त्रीचा. हसू आवरायला मी मान फिरवली, तर शेजारच्या स्टुलावर चहाचा कप काठोकाठ भरलेला.

“चहा नाही घेतला, आजोबा?”

“सकाळपासून मळमळतंय. तू माझं सोड, पेपर सोडव.”

मला एकदम बाबा आठवले. मी नळी छातीवर टेकवली आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजलं. अठ्ठेचाळीस. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढच्या चौघींना ठेच लागलीच नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे काज-बटणं नाचायला लागली. माझी स्वतःची नाडी तर मोजण्यापलीकडे गेली होती.

“गोळी देणार नाही, मॅडम. ठोके अठ्ठेचाळीस आहेत.”

“चौघींनी बहात्तर सांगितले. तुझी ही तिसरी खेप ना?”

“हो. पण मी अठ्ठेचाळीस मोजले. शिवाय यांना मळमळतंय आणि तुमचा कोट पिवळा दिसतोय. हे औषध अंगात जास्त झालं की असं होतं. डॉक्टरांना बोलवायला हवं.”

“बुडवलंस गं स्वतःला,” आजोबा कपाळावर हात मारून म्हणाले.

मॅडमनी स्वतः नळी लावली. ते एक मिनिट मला शिवणक्लासातल्या सगळ्या आयुष्याएवढं लांब वाटलं. मग त्यांनी ट्रे उचलून बाजूला ठेवला, डॉक्टरांना बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, “मीही चौघींच्या शब्दावर विसंबले.”

आजोबांचा ईसीजी झाला, रक्त तपासायला गेलं, गोळ्या बंद झाल्या. बहात्तर कुठून आले, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, “मागच्या आठवड्यात होते. आकडा चांगला वाटला, म्हणून तोच वाटत सुटलो.” त्या चौघींना मॅडमनी आठवडाभर सगळ्या वॉर्डाचे ठोके मोजायला लावले.

पाचव्या दिवशी माझा निकाल लागला. मी जिना दोन-दोन पायऱ्या चढत वॉर्डात गेले. आजोबा बशीत ओतून चहा पीत होते आणि मॅडम पलीकडच्या खाटेपाशी उभ्या होत्या.

“पास झाले, आजोबा.”

त्यांनी बशी खाली ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग मॅडमना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “अखेर बाईंनी कोट धुतला म्हणायचा.”

“तोच आहे, आजोबा,” मॅडम म्हणाल्या. “सोमवारपासून धुतलेला नाही.”

मी हसत हसत रडले आणि रडत रडतच आजोबांचे ठोके मोजले, पूर्ण मिनिट. अडुसष्ट.