जेवणघराचा ओकचा दरवाजा

नाचेझ गावात वसंतातल्या घरदर्शनाला, म्हणजे जुन्या हवेल्या पाहुण्यांना दाखवायच्या सोहळ्याला, चार दिवस उरले होते. घरमालकीण मिस ऑगस्टा मला म्हणाल्या, "ओडेसा, जेवणघराचा दरवाजा घासून काढ. वॉर्निश काळं पडलंय. खालचा ओक दिसू दे. इंग्लंडहून जहाजानं आणलाय तो."

चाळीस वर्षं ह्या बाई घेरदार झगा घालून पाहुण्यांना हेच सांगत आल्यात. पण त्या दरवाजात ओक औषधालाही नाही. लाकूड आपलं दलदलीतलं सायप्रस. त्यावर ओल्या रंगात ओकच्या रेषा काढल्या माझ्या खापरपणजोबांनी, इफ्राइमनी. कंगव्यानं, चिंधीनं, अंगठ्यानं. ते ह्याच घराचे गुलाम. त्यांचा फोटो नाही, थडगं नाही. राहिलाय तो एवढा दरवाजा, आणि तो मी माझ्या हातानं पुसायचा?

"हा ओक नाहीच," मी म्हटलं. "नुसता रंग आहे, माझ्या खापरपणजोबांनी दिलेला. घासला की गेला."

"म्हणजे माझे आजोबा खोटं बोलायचे?"

"आजोबा भले होते हो. लाकडातलं कळत नव्हतं त्यांना."

"तुझी आईही अशीच उलट बोलायची."

"आणि तिचंही खरंच असायचं."

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी स्क्रू काढून कुलपाची पितळी पट्टीच उतरवली. खाली कोरं, फिकट लाकूड. पट्टीच्या कडेशी रेषा संपलेल्या; लाकडाच्याच असत्या तर खालूनही गेल्या असत्या. हातच्या काकणाला आरसा कशाला. मिस ऑगस्टांनी चष्मा लावून त्यावर बोट फिरवलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. राग आला होता तरी मला त्यांची दया आली.

"राहू दे आज," एवढंच म्हणाल्या. घासायचा की नाही, ते सांगितलंच नाही. चार दिवस मी घासकागदाकडे बघत काढले.

घरदर्शनाच्या दिवशी वीसेक पाहुणे दरवाजासमोर उभे होते. मी मागे, भिंतीपाशी.

"हा दरवाजा इंग्लंड..." मिस ऑगस्टा थांबल्या. त्यांनी मला पुढे बोलावलं. "पूर्ण नाव काय गं तुझ्या खापरपणजोबांचं?"

"इफ्राइम."

"आडनाव?"

"तुमचंच, मिस ऑगस्टा. मालकाचं तेच गुलामाचं."

त्यांची मान खाली गेली. मग पाहुण्यांकडे वळून त्या खणखणीत म्हणाल्या, "हा दरवाजा इफ्राइम मारबरींनी रंगवला. ह्याला कुणी हात लावायचा नाही." आणि मला म्हणाल्या, "पुढचं तू सांग."

मला रडू आवरेना. तरी सांगितलं.